पुण्यात पाणी शंभराला उकळत नाही

पुण्यातल्या कुठल्याही शाळेत चंचुपात्रात पाणी उकळायला ठेवा, तापमापी बुडवा आणि पारा हलायचा थांबेपर्यंत थांबा. तो ९८ च्या आसपास स्थिरावेल. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, तिथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी दोनेक अंश आधीच उकळतं. महाबळेश्वर १३५० मीटरच्या आसपास आहे, तिथे ९५-९६ लाच बुडबुडे फुटू लागतात. ढोबळ हिशेब असा की दर ३०० मीटर चढलं की एक अंश कमी. आता मुलांच्या प्रयोगवह्या उघडा. पाण्याचा उत्कलनांक रत्नागिरीत शंभर, पुण्यात शंभर, पाचगणीतही शंभर. तापमापीने ९८ दाखवले होते, मुलाने ते पाहिलेही होते. पण पुस्तकात शंभर छापलेलं आहे आणि शेजारच्याच्या वहीतही शंभरच आहे, तेव्हा आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं धरून त्याने आकडा बदलला. त्याला कुणी ओरडलं नाही. उलट बरोबरची खूण मिळाली.

दहावीला विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे ४० गुणांचे दोन पेपर आणि २० गुण प्रात्यक्षिकाचे. बारावीला भौतिकशास्त्राच्या शंभरांपैकी ३० प्रात्यक्षिकाचे. हे गुण कशाचे द्यायचे, हा प्रश्न वरवर शिक्षकांच्या खोलीतला वाटतो, पण तो आपल्या सगळ्यांचा आहे. आज ते बहुतेक ठिकाणी दोन गोष्टींना मिळतात: उत्तर पुस्तकाशी जुळणं आणि जर्नल नीटनेटकं असणं. आमचं म्हणणं असं की या दोन्ही गोष्टींना गुण देणं बंद करावं. गुण द्यावेत ते कच्च्या नोंदीला: प्रयोग चालू असताना, पेनने, जागेवर लिहिलेल्या आकड्यांना, खाडाखोडीसकट.

जर्नल कसं भरतं ते शिकलेल्या कुणालाही ठाऊक आहे. प्रयोग होतो तेव्हा आकडे जातात कुठल्या तरी मागच्या पानावर, पेन्सिलीने, कधी तळहातावरसुद्धा. मग सहामाहीच्या आधी एक लाट येते, ‘जर्नल कम्प्लीट’ करायची. उजव्या पानावर हेतू, साहित्य, कृती, डाव्या कोऱ्या पानावर आकृती आणि निरीक्षण तक्ता. तक्त्यातले आकडे तोवर हरवलेले असतात, म्हणून ते गेल्या वर्षीच्या कुणाच्या तरी वहीतून येतात, नाहीतर उत्तरासकट छापलेल्या तयार प्रयोगवहीतून. शेवटी पहिल्या पानावरच्या प्रमाणपत्रावर सही होते की विद्यार्थ्याने हे प्रयोग समाधानकारकरीत्या पूर्ण केले आहेत. या सगळ्यात खोटेपणाचा हेतू कुणाचाच नसतो. आकडे उतरवून काढायची पद्धतच अशी आहे की त्यात खरा आकडा टिकत नाही.

बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत याचं अगदी नेमकं रूप दिसतं. अनुमापनात (टायट्रेशनमध्ये) बुरेटची, म्हणजे खाली तोटी असलेल्या खुणांच्या काचनळीची, तीन वाचनं घ्यायची आणि त्यावरून सीबीआर (कॉन्स्टंट बुरेट रीडिंग), म्हणजे स्थिर वाचन, काढायचं. बुरेटवरचा लहानात लहान भाग ०.१ मिली. एक थेंबच साधारण ०.०५ मिलीचा असतो. त्यामुळे ९.८, ९.९, ९.८ ही तीन वाचनं म्हणजे उत्तम काम झालं. तरीही जर्नलमध्ये ९.८, ९.८, ९.८ असंच लिहिलेलं असतं, कारण ‘कॉन्स्टंट’ या शब्दाचा अर्थ मुलांनी तसा लावलेला असतो. आणि खरोखर काही बिनसलेलं असेल तर? भरताना लावलेलं नरसाळं बुरेटवर तसंच राहिलं आणि त्यातून एखादा थेंब पडला, तोटीच्या टोकात हवेचा बुडबुडा अडकला होता आणि मध्येच निसटला, पोटॅशियम परमँगनेटचा रंग इतका गडद की एकदा वरची कड वाचली आणि एकदा खालची. यातली प्रत्येक चूक तीन वाचनांतल्या फरकात आपला माग सोडते. तीनही वाचनं सारखी लिहिली की तो माग पुसला जातो, आणि शिक्षकाला मदत करायची इच्छा असली तरी पकडायला काहीच उरत नाही.

लंबकाच्या दोलनांवरून गुरुत्वत्वरण g (पुस्तकात ९.८) काढायच्या प्रयोगात हे आणखी स्वच्छ दिसतं, म्हणून त्यावर जरा थांबू. धागा, दोन सेंटीमीटर व्यासाचा धातूचा गोळा, दुभंगलेलं बूच, स्टँड आणि स्टॉपवॉच. टांगण्याच्या बिंदूपासून गोळ्याच्या केंद्रापर्यंत १०० सेंटीमीटर लांबी ठेवली, तर महाराष्ट्रात कुठेही एका दोलनाला २.०१ सेकंद लागतात, वीस दोलनांना जवळजवळ ४०.२. वीस कशासाठी? स्टॉपवॉच सेकंदाचा शंभरावा भाग दाखवतं, पण बोटाला ते कळत नाही. डोळ्याने पाहून बटण दाबेपर्यंत ०.२ ते ०.३ सेकंद जातात. एकच दोलन मोजलं तर ही चूक दहा-पंधरा टक्क्यांची, वीस मोजली तर पाऊण टक्क्याच्या आत. ही एवढी गोष्ट मुलाला नीट कळली तर मोबाइलवरचे दोन दशांश अंक पाहून तो पुन्हा कधी भुलणार नाही.

आता चुका. सगळ्यात जास्त होणारी म्हणजे मोजणी ‘एक’ने सुरू करणं. गोळा मधून जाताना बटण दाबलं आणि तोंडाने ‘एक’ म्हटलं, तर विसाव्या आकड्याला प्रत्यक्षात एकोणीसच दोलनं झालेली असतात. वेळ येते ३८.२, आवर्तकाल (एका दोलनाचा काळ) १.९१ आणि g येतो सुमारे १०.८. दुसरी चूक, लांबी गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंतच मोजणं. त्रिज्या एक सेंटीमीटर राहून गेली की g एक टक्क्याने कमी, ९.७ च्या खाली. तिसरी, गोळा फार लांब ओढणं. एक मीटरच्या लंबकाला १७ सेंटीमीटर ओढलं म्हणजे दहा अंश, तेवढं पुरे. पोरं हौसेने अर्धा मीटर ओढतात, म्हणजे तीस अंश. तिथे आवर्तकाल पावणेदोन टक्के वाढतो आणि g साडेनऊच्या खाली घसरतो. पाहा, तीन चुका आणि तीन वेगवेगळी उत्तरं. १०.८ लिहिणाऱ्या मुलाला “शून्यापासून मोजलंस का रे?” एवढंच विचारायचं. ज्याने ९.८ लिहून आणलं त्याला काय विचारणार?

याहून गंमत आलेखात आहे. ६०, ७०, ८०, ९०, १०० सेंटीमीटर अशा पाच लांब्या घेऊन आवर्तकालाचा वर्ग विरुद्ध लांबी असा आलेख काढा. ज्याची प्रत्येक वेळी त्रिज्या मिळवायचीच राहिली, त्याचीही रेघ सरळच येते आणि तिच्या चढावरून g बरोबर निघतो. फक्त ती रेघ शून्यातून न जाता लांबीच्या अक्षाला उणे एक सेंटीमीटरवर छेदते. म्हणजे त्याच्या आकड्यांनी न मोजलेली त्रिज्याही दाखवून दिली. उलट, उत्तरावरून मागे येऊन भरलेला तक्ता ओळखायला आलेखाचीही गरज नाही. L/T² (लांबी भागिले आवर्तकालाचा वर्ग) च्या रकान्यात पाचही ओळींना २४.८ असेल. खऱ्या हातांनी मोजलेल्या तक्त्यात तिथे २४.५, २४.९, २४.७ असं काहीतरी खालीवर होणारच. इतकी वर्षं आपण त्या पाच सारख्या आकड्यांना पैकीच्या पैकी देत आलो आहोत.

एककांची गोष्टही याच दुखण्याशी जोडलेली आहे. शाळेत एकक म्हणजे उत्तराच्या शेवटी लावायची शेपटी: नाही लावली तर अर्धा गुण जातो. पण एकक तक्त्याच्या रकान्याच्या डोक्यावर, पहिला आकडा लिहिण्याआधी आलं पाहिजे: ‘लांबी (सेमी)’, ‘२० दोलनांचा काळ (सेकंद)’. एकदा ते वर बसलं की खाली आकड्यांमध्ये मिलिमीटर घुसले तर लगेच खुपतं. आणि त्याच्याच खाली उपकरणाचं लघुतम माप: पट्टी ०.१ सेमी, व्हर्निअर ०.०१ सेमी. मग ३.६ आणि ३.६० यांतला फरक वेगळा शिकवावा लागत नाही. पट्टीने मोजलेल्याला ३.६० लिहिणं म्हणजे न पाहिलेलं पाहिलं म्हणणं. गणकयंत्रावरून उतरवलेलं ९.७८४६२३१ तर सरळ थापच.

मेट्रिक पद्धत आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने आली आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून वजनं बदलू लागली. आज पासष्ट वर्षं उलटून गेली तरी आपण दोन्ही डगरींवर पाय ठेवून आहोत, आणि खरं सांगायचं तर वर्गासाठी ते चांगलंच आहे. सराफाकडे ‘तोळा’ म्हणतात तो हल्ली दहा ग्रॅमचा असतो. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. आजीच्या जुन्या यादीतले पाच तोळे म्हणजे ५८ ग्रॅम, आजच्या बोलीत मात्र ५०. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर मध्ये लिहितात, बांधावर बोलणं गुंठ्यात. गुंठा १०८९ चौरस फूट म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, आणि आर बरोबर १०० चौरस मीटर. फरक सव्वा टक्क्याचाही नाही, म्हणून दोन्ही एकच धरतात. पण दोन एकर म्हणजे ८० आर असं धरलं की ९४ चौरस मीटर जमीन कागदावरून नाहीशी होते, जवळपास हजार चौरस फूट. शहराजवळच्या गावात एवढ्यावर भावाभावांत कोर्टकज्जे होतात. पावसाळ्यात बातम्यांत ऐकतो की धरणातून १०,००० क्युसेकने (सेकंदाला घनफूट) विसर्ग सुरू. हे सेकंदाला २८३ घनमीटर, म्हणजे दहा हजार लीटरचे २८ टँकर दर सेकंदाला. असं एक टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडायला एक लाख सेकंद लागतात, साधारण २८ तास. ‘५ किमीचे मीटर करा’ हे गणित सहावीत शंभर वेळा घालण्यापेक्षा सातबारा एकदा वर्गात आणावा.

(ता. क. म्हणून एक बारीक तक्रार: रस्त्यावरच्या पाट्यांवर किलोमीटरचा इंग्रजी ‘के’ मोठ्या लिपीत असतो आणि पुढे अनेकवचनाचा ‘एस’. मोठा ‘के’ म्हणजे केल्विन. एककाच्या चिन्हाला अनेकवचन नसतं. मुलं पाटी आधी वाचतात, पुस्तक नंतर.)

बरोबर उत्तराच्या नादात काय गमावतो ते सांगायला मुंबईतलंच उदाहरण आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची वाचनं माणसं डोळ्यांनी घेत आणि हाताने नोंदवत. १८५९ च्या १ आणि २ सप्टेंबरला सूर्यावरच्या प्रचंड उद्रेकामुळे चुंबकीय वादळ आलं. कुलाब्याच्या नोंदीत क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरलेला दिसतो. असा आकडा तिथे काम करणाऱ्याने आयुष्यात पाहिला नसणार. ‘सुई बिघडली असेल’ म्हणून त्याने तो नेहमीच्या आकड्याशी जुळवून घेतला नाही. उलट नेहमीची तासाची वाचनं सोडून मधल्या काही मिनिटांनी वाचनं घेतली गेली. जवळजवळ दीडशे वर्षांनी, २००३ मध्ये, भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या आणि परदेशातल्या संशोधकांनी ते वादळ किती मोठं होतं याचा हिशेब या कुलाब्याच्या नोंदींवरून मांडला. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांनी चुंबकीय वाचनं बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवलं. तेव्हाही जुन्या आणि नव्या जागेची वाचनं काही काळ समांतर घेतली, म्हणजे दोन मालिका जोडता याव्यात. जागा बदलली, परिस्थिती बदलली, हे नोंदीत लिहायचं असतं. मुलांच्या तक्त्यात ‘शेरा’ नावाचा शेवटचा रकाना असतो, तो यासाठी. तो बहुधा रिकामाच असतो.

आजही एका आकड्यावर किती अवलंबून असतं ते शेतकऱ्याला विचारा. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस पडला तर अतिवृष्टी, आणि नुकसानभरपाईचा सगळा हिशेब तिथून सुरू. ६४ आणि ६५ यांतला एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लीटर पाणी. पर्जन्यमापकातलं पाणी मोजपात्रात ओतून वाचताना डोळा पातळीच्या वर ठेवला की एक रेघ इकडची तिकडे होते, आणि कडेला चढलेलं पाणी वाचलं तर आणखी एक. हे शिकायला महागडं साधन लागत नाही. सरळ भिंतीची, सपाट बुडाची रुंद बाटली घ्या, वरचा भाग कापून उलटा नरसाळ्यासारखा बसवा (त्याच्या तोंडाचा व्यास बाटलीच्या व्यासाएवढाच हवा, नाहीतर सगळा हिशेब चुकतो), बूड गोल असेल तर सरळ भिंत सुरू होईपर्यंत पाणी भरून तिथे शून्याची खूण करा आणि मिलिमीटरची पट्टी चिकटवा. झाडापासून, भिंतीपासून लांब ठेवा. हवामान खात्याप्रमाणे रोज सकाळी साडेआठला वाचा. जून ते सप्टेंबर अशी १२२ दिवसांची नोंद ठेवलेल्या सातवीच्या वर्गाला ‘निरीक्षण’ या शब्दाची व्याख्या पाठ करावी लागणार नाही.

यावर नेहमीची हरकत ठाऊक आहे. साठ मुलं, पस्तीस मिनिटांची तासिका, तापमाप्या दोन, त्यातली एक फुटलेली. अशात कच्च्या नोंदी कुठून आणायच्या? अडचण खरी आहे, पण तिच्यावरचा उपाय साधनांत नाही. एकाच चंचुपात्राभोवती सहा मुलं उभी करा. प्रत्येकाने आळीपाळीने तापमापी वाचायची, बोलायचं नाही, आपापल्या चिठ्ठीवर आकडा आणि वेळ लिहून चिठ्ठी दुमडायची. सगळ्यांची झाली की चिठ्ठ्या उघडून फळ्यावर लिहा: ९७, ९८, ९८, ९७.५, ९९, ९८. साठ मुलांच्या वर्गात दहा गट आले की फळाच भरतो. आता विचारा, ९९ कुठून आलं? तापमापीचा गोळा भांड्याच्या बुडाला टेकला होता का? वाचताना डोळा तिरका होता का? तापमापीची नळी बरीच पाण्याबाहेर राहिली तर ती अर्धा अंश कमी दाखवते, ९७ त्यामुळे असेल का? तापमापी वितळत्या बर्फात धरून शून्य दाखवते का ते पाहिलं होतं का? गुण मिळवून देणारं बोलणं हे आहे. मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने १९७२ पासून पुढची तीस वर्षं साध्या सरकारी शाळांत साधारण याच धाटणीने काम केलं: गटांनी प्रयोग करायचे, सगळ्या वर्गाचे आकडे एकत्र मांडायचे, परीक्षेला वह्या-पुस्तकं उघडी ठेवायची आणि प्रात्यक्षिकही करून दाखवायचं. तिथल्या शाळा आपल्यापेक्षा सधन नव्हत्या.

दुसरी हरकत जास्त गंभीर आहे. चुकीच्या उत्तराला गुण दिले तर मुलं निष्काळजी होतील. पण चुकीच्या उत्तराला गुण द्या असं कुणी म्हणतच नाही. गुण आकड्याच्या इतिहासाला द्यायचे. वीसातले सहा-सात कच्च्या नोंदीला: पेनने, खोडलेला आकडा एका रेघेने खोडून तो वाचता येईल असा ठेवलेला, रबर नाही, पांढरी शाई नाही. चार एकक आणि लघुतम मापाला. चार उपकरण हाताळण्याला, आणि उरलेले पुस्तकापेक्षा वेगळं का आलं याच्या दोन-तीन वाक्यांच्या उत्तराला. इथे ‘मानवी चूक’ असं लिहिलं तर शून्य. कुठल्या जागी, कुठल्या दिशेने आणि साधारण किती चूक झाली ते लिहायचं. निष्काळजी मुलाला हे भरता येत नाही. सुबक अक्षरात जर्नल उतरवणाऱ्यालाही येत नाही, आणि आज दोघांत तोच जास्त गुण घेतो.

हे करायला परीक्षा मंडळाला अभ्यासक्रम बदलावा लागत नाही, फक्त मूल्यमापनाचा कागद बदलावा लागतो. आणि शाळांनी दिलेले गुण पडताळायचे असतील तर प्रश्न एकच पुरे, सगळ्या राज्याला एकच: तुमच्या शाळेत पाणी किती अंशांना उकळलं आणि तुमची शाळा समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे? रत्नागिरी, पुणे आणि महाबळेश्वर या तिन्ही ठिकाणच्या कागदांवर शंभर आलं, तर कुठल्या दोन शाळांत जाऊन शेगडी पेटवायला सांगायचं ते आपोआप कळेल.